नांगर तिचा, शेत आमचं

शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिराबाई या सख्ख्या बहिणी, हे आमच्याकडे लहान मूलही सांगतं. त्यांतली मिराबाई म्हापशाच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिलागर सायबीण होऊन बसली आहे. ईस्टरनंतर काही आठवड्यांनी सोमवारी तिचं फेस्त येतं, तेव्हा तेल आणि फुलं घेऊन येणाऱ्यांत हिंदूही असतात आणि ख्रिस्तांवही. ज्या बाईविषयी मी लिहितो आहे तिचं सगळं आयुष्य या बहिणींच्या मुलखात गेलं. माहेर डिचोली तालुक्यात, शिरगाव-मुळगावच्या बाजूला. सासर पेडण्यात, तेरेखोल नदीच्या खाजनाला लागून, आमच्या घराच्या पलीकडच्या माडांत. तिचं नाव मी लिहीत नाही. आपलं नाव छापून यावं असं तिला कधी वाटलं नसतं. तिची मुलं तिला माय म्हणत, म्हणून आम्हीही माय म्हणत आलो.

गोव्याबाहेरच्या वाचकाला पेडणे आणि डिचोली म्हटल्यावर इगर्जी आणि पांढरे खुरीस डोळ्यांपुढे येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बारदेस, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, पोर्तुगीज सोळाव्या शतकात घुसले आणि तिथली देवळं त्यांनी पाडली. पेडणे त्यांच्या हाती आलं ते सावंतवाडीकरांकडून, 1788 साली. डिचोली त्याच्या थोडी आधी. तोवर धर्मांतराचा तो जोर ओसरला होता. म्हणून नव्या काबिजादींत देवळं जागच्या जागी राहिली आणि ख्रिस्तांव घरं कमी, वाड्यावाड्यांत विखुरलेली. अशा गावात ख्रिस्तांव शेतकरी बाईचं जगणं बारदेसमधल्या बाईपेक्षा वेगळं असतं. इगर्ज लांब असते. घंटा ऐकू येत नाही. शेजारी पिंपळाला पाणी घालत असतात. आपला धर्म आपणच आठवणीने, आपल्याच घरात उभा ठेवावा लागतो.

मायने तो शेतातही ठेवला होता. भाताची लावणी करताना ती पुटपुटत असायची. आम्हां पोरांना वाटायचं, ती मोजते आहे. मोजतच होती. एक चूड चिखलात रोवली की एक नमान मारी. दहा चुडी झाल्या की किंचित कंबर सरळ करून 'आमच्या बापा', मग पुन्हा दहा. तेर्साचे, म्हणजे जपमाळेचे, मणी घरी ओरातोरात, देव्हाऱ्यात टांगलेले, आणि इथे चिखलात गुडघाभर पाण्यात त्याचा हिशेब चुकत नसे. तिच्या बाजूला लावणीला उभी राहिलेली माझी आई सांगायची, हिच्या ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ येतात, कारण हिचं मन इकडे तिकडे जात नाही. पीक मळून खळ्यावर रास झाली की कुडवाने मापायच्या आधी माय राशीवर तळहाताच्या कडेने खुरीस काढायची. आमच्या राशीवर आई नारळ ठेवायची. दोन्ही खळी लागून लागून होती, तेव्हा हे दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच वाऱ्यात व्हायचं.

तिचा नवरा बोटीवर होता. कूक. दोन बोटींच्या मधल्या दिवसांत तो मुंबईला धोबी तलावाजवळच्या गाववाल्यांच्या कुडीत राही. गोंयकार खलाशांच्या या कुडी म्हणजे एकेका गावाने परमुलखात बांधलेली ओसरीच. घरी तो वर्षा-दीड वर्षाने येई. येताना लाकडी पेटी, साबणाच्या वड्या आणि मुलांसाठी पत्र्याची खेळणी. एरवी शेत, बैल, चार मुलं, म्हातारी सासू, सगळं मायच्या अंगावर. नांगर तीच धरी. आमच्या वाड्यावर बाईने नांगराला हात लावू नये असा दंडक होता, आणि ख्रिस्तांव बाईलाही लोक त्यावरून बोलत. ती म्हणायची, "बैलांक कळना दादलो कोण आनी बायल कोण."

खाजनाची शेती ज्यांनी केली नाही त्यांना ती काय असते हे सांगायला हवं. भरतीचं खारं पाणी बांधाने अडवलेलं असतं. बांधाला मानस असते, लाकडी दारांची. भरतीच्या जोराने दारं मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी ती उघडून बाहेर जातं. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन काढल्याशिवाय बी टाकता येत नाही. खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात तिथे होतं. उंच, कुसळांचं, तांबड्या तांदळाचं. त्याचं बी घरोघरी राखलेलं असायचं. एकाचा बांध फुटला तर सगळ्यांचं शेत जातं, म्हणून खाजनात शेजारी नावाचा माणूस नुसता शेजारी नसतो. उधाणाच्या रात्री कोणाचा धर्म कोणता हे बांधावर कोणी बघत नाही. हे मी वाचून लिहीत नाही. अशा रात्री माती आणि पेंढ्याच्या टोपल्यांच्या रांगेत मी उभा राहिलो आहे. माझ्या हातात टोपली यायची ती मायच्या हातातून.

आमच्या आजीचं सोवळं कडक. ख्रिस्तांवाच्या घरचं शिजलेलं तिला चालत नसे. मायला हे ठाऊक होतं आणि त्यात तिला अपमान वाटला नाही, की वाटला असला तरी तिने तो आमच्या घरापर्यंत येऊ दिला नाही. नाताळाला कोन्सुआद, म्हणजे फराळ, वाटायचं तेव्हा आम्हां मुलांसाठी ताटलीत नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल, आणि आजीसाठी वेगळ्या सुपात कोरडा शिधा: उकडे तांदूळ, गूळ, सोललेला नारळ, हरमलच्या सुक्या मिरच्या. त्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा माय ती पुरुमेंताच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डोईवरून नेऊन विकायची. आजी ते सूप दोन्ही हातांनी घ्यायची. गणेश चवथीला आमच्याकडून तिच्या घरी जायचं ते शिजलेलंच जायचं, कारण तिकडून काही अडत नव्हतं. हा व्यवहार बरोबरीचा नव्हता. मला तो कळायला लागला तेव्हापासून खुपत आला आहे. पण आजीच्या मनाला न दुखवता तिला देता येईल अशी वाट मायने शोधून काढली, हेही तितकंच खरं.

तेलाचंही असंच. मिलागर सायबिणीला आमच्या आईचा नवस असायचा. फेस्ताला जाताना माय आमच्या दारात येऊन आईने बांधून ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली घ्यायची. तेव्हा शापोरा नदीवर पूल नव्हता, चोपड्याहून शिवोलीला फेरीबोटीने जायचं, पुढे म्हापसा. आमचा मामा शिरगावच्या जत्रेत धोंड व्हायचा. वैशाखात व्रत पाळून, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालून आला की तो लईराईचे मोगऱ्याचे कळे आणायचा, आणि त्यातले ओंजळभर मायला. ती ते सायबिणीच्या तसबिरीपुढे ठेवायची. माहेरच्या देवीचे कळे म्हणून तिला त्यांचं अप्रूप असायचं. तिच्या इगर्जीतल्या एखाद्या पाद्रीला हे आवडलं असतं की नाही, मला माहीत नाही. तिने कोणाला विचारलं नाही. तेर्स कधी चुकवला नाही, आयताराचं मीस कधी चुकवलं नाही, लेंतीत, ईस्टरआधीच्या उपवासांत, मासळी-मांसाला शिवली नाही, आणि मोगरा ठेवणंही सोडलं नाही.

आमचे वडील गेले ते वैशाखात. मी शाळेत होतो, धाकटी दोघं त्याहून लहान. घरी बैलजोडी होती ती देणं फेडायला विकावी लागली. मृग आला, पाऊस आला, मीठ धुऊन गेलं, आणि आमचं शेत तसंच पडून. आई ओसरीवर बसून राहायची. विधवा बाईने शेतात कोणाला बोलवायचं, मजुरी कुठून द्यायची, हे तिला उमगत नव्हतं. एका पहाटे बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. माय आमच्या शेतात उतरली होती. आधी आमचं शेत नांगरून झालं, मग तिने आपलं केलं. तिचं शेत त्या वर्षी उशिराने पेरलं गेलं. आईने मजुरीचं विचारलं तेव्हा माय म्हणाली, "वैनी, बेणपाक ये." आई तिच्या शेतात बेणायला, म्हणजे तण काढायला, गेली. पुढची काही वर्षं हेच चाललं. नांगर मायचा, बेणणी आईची. आमच्याकडे सावड म्हणतात ती हीच. फक्त बैलांचं एक दिवसाचं काम आणि बाईचं एक दिवसाचं काम यांचा भाव कोणत्याही गावात सारखा नसतो, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

त्या नांगरणीवरूनच पुढे कज्जा उभा राहिला.

गोवा मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने 1964 साली कूळ कायदा केला. 1976 सालच्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. 20 एप्रिल 1976 या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता त्याने ती विकत घेतली असं कायद्याने मानायचं ठरलं. कागदावर हे एका ओळीचं आहे. गावात ते तसं नव्हतं. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे, ते कोणी लावलं, कधी लावलं, खंडाच्या पावत्या आहेत की नाहीत, यावर पेडण्याच्या मामलेदार कचेरीत माणसांची गर्दी असायची. आमच्या वडिलांच्या पावत्या होत्या, पण त्या ते होते तोवरच्या. त्यांच्यानंतर शेत कोण कसतं, हा भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, सवाल होता. त्याचं म्हणणं साधं होतं. या बाईकडे बैल नाहीत, नांगर नाही, नांगर धरणारा पुरुष नाही. शेत दुसरंच कोणी कसतं. तेव्हा कूळपण संपलं.

आणि त्याला साक्षीला हवी होती माय.

तिचं घरही त्याच भाटकाराच्या भाटात होतं, ती त्याची मुंडकार, त्याच्या जमिनीवर घर करून राहिलेली. तिचं शेतही त्याचंच. एका संध्याकाळी त्याचा माणूस तिच्याकडे येऊन बसला. खोटं बोल असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, खरं तेच सांग. नांगर कोणाचा? तुझा. बैल कोणाचे? तुझे. इतकंच सांग, आणि तुझ्या शेतावर तुझ्या घोवाचं नाव लागताना आम्ही मध्ये येणार नाही. आईला हे कळलं तेव्हा तिने मायला विचारलंसुद्धा नाही की तू काय सांगणार. काय विचारणार? चार मुलांच्या आईला, जिच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, तिला हे विचारायचा अधिकार कुठे असतो? त्या रात्री आयमोरीनंतर, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, मायच्या घरी तेर्स चालला होता, तेव्हा आई त्यांच्या उंबऱ्याबाहेर सोप्यावर बसून राहिली. मी तिला बोलवायला गेलो, तर तिने हातानेच थांब म्हटलं. आत मुलं एकेक करून मायपुढे हात जोडून उभी राहिली आणि बेसांव, आशीर्वाद मागून झोपायला गेली. मग माय बाहेर आली आणि आईशेजारी बसली. दोघी गप्पच होत्या.

कचेरीत मी आईबरोबर होतो, पावत्यांची पिशवी सांभाळायला. माय धुतलेलं लुगडं नेसून आली होती, गळ्यात खुरीस. शपथ घेताना तिने तो मुठीत धरला. तिला विचारलं, नांगर कोणाचा. ती म्हणाली, म्हजो. बैल? म्हजे. भाटकाराच्या वकिलाला तेवढंच पुरे होतं, तो खाली बसायला लागला. माय मात्र थांबली नाही. "सगळें सांगूंक जाय न्हय?" असं तिने मामलेदारालाच विचारलं, आणि त्याने मान हलवल्यावर ती बोलली. "नांगर म्हजो, शेत तिचें. बीं तिचें, पेरणी तिची, लुंवणी तिची, पीक तिच्या घरांत गेलां. खंड तिणें मापला. आनी म्हज्या नांगराची मजुरी तिणें म्हज्या शेतांत बेणून फारीक केल्या. म्हजें तिचेर कांयच येणें ना."

मजुरी देऊन नांगरून घेतलेलं शेत हे ज्याने मजुरी दिली त्याचंच, हे कायद्याच्या कोणत्या कलमात बसतं ते तिला माहीत नव्हतं. अर्धं खरं सांगून आपण मोकळे झालो तर तेर्स म्हणायला तोंड राहणार नाही, एवढंच तिला माहीत होतं. पुढे तारखा पडल्या, वरच्या कोर्टात गेलं, पण शेत आमच्याकडे राहिलं. आज उताऱ्यावर आईचं नाव आहे. त्या शेताच्या भातावर मी मॅट्रिक झालो, बहिणीचं लग्न झालं, धाकट्याने डिप्लोमा केला. आणि सरकारदफ्तरी मायची साक्ष अशी नोंदलेली आहे की आम्ही तिचं काही देणं लागत नाही.

तिला याची किंमत लगेच मोजावी लागली. मुंडकार कायदा 1975 साली झाला होता म्हणून तिला घरातून काढता आलं नाही. पण भाटातल्या पडलेल्या नारळाला, चुडतांना हात लावायचा नाही, असं झालं. विहिरीवर यायचं नाही, असंही झालं. तेव्हापासून मायच्या घरचं पाणी आमच्या विहिरीवरून जायला लागलं. आजी तेव्हा होती. तिने स्वतः बाहेर येऊन रहाट मोकळा करून दिला. इतक्या वर्षांत त्या विहिरीला ख्रिस्तांवाची कळशी लागली नव्हती. आजी काही बोलली नाही आणि मायही बोलली नाही. पुढच्या सांजांवाला, 24 जूनला, मायची मुलं डोक्याला पानाफुलांची कोपेल बांधून गावभर फिरून आली आणि आमच्याच विहिरीत धडाधड उड्या टाकू लागली. आजीने त्यांच्यासाठी फणस कापून ठेवला होता.

मायच्या शेताचं प्रकरण मात्र अडकलं. भाटकार प्रत्येक तारखेला विरोध करत राहिला. तिने एकदाही आईजवळ बोलून दाखवलं नाही की तुमच्यामुळे हे झालं.

मोठा मुलगा कुवेतला गेला. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा तो तिथे होता. मी पणजीला नोकरीला लागलो होतो. गोव्यातल्या कितीतरी घरांचे कर्ते मुलगे तिकडे, आणि कोणाचीच खबर नाही. फोन बंद, पत्रं बंद. एअर इंडियाची विमानं जॉर्डनमधल्या अम्मानहून माणसं आणायला लागली. दोन महिन्यांत लाखाच्या वर माणसं आणली गेली. पण त्यांत आपला कधी, हे कोणाला कळणार? मी रोज संध्याकाळी पणजीत परत आलेल्यांना शोधत फिरायचो, नावं लिहून घ्यायचो, आणि शनिवारी ती यादी घेऊन घरी जायचो. माय बेणत असायची. वर बघायची, माझा चेहरा वाचायची आणि पुन्हा वाकायची. त्या दिवसांत आई रोज तिच्या शेतात होती. कोणी बोलावलं नव्हतं, सावडही नव्हती. सप्टेंबरात मुलगा आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी. डिसेंबरात माय पायी जुन्या गोव्याला गेली, गोंयच्या सायबाच्या, संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, आणि आई पेडण्याच्या सीमेपर्यंत तिला सोडायला चालत गेली.

माहेरी ती शेवटी शेवटी जाईनाशी झाली. मी एकदा तिला घेऊन गेलो होतो, भावाची तब्येत बघायला. डिचोलीचा तो भाग खाणींचा. डोंगर वरून खरवडत आणलेले, आणि पावसाळ्यात त्याचा तांबडा गाळ सरळ खालच्या शेतांत. चीनला माल जायला लागल्यावर तर ट्रकांची रांग तुटत नव्हती. ज्या शेतात ती मुलगी असताना गुरं राखायची तिथे घोट्याएवढा लाल चिखल वाळून भेगाळला होता. ती काठावर वाकून त्याचं एक ढेकूळ उचलून चुरत राहिली. "हातूंत बीं किरलना," एवढं म्हणाली, यात बी रुजत नाही. 2012 साली खाणी बंद झाल्या, त्यावर गोव्यात दोन तट पडले, माझे मित्रही दोन्ही बाजूंना होते. मला त्यातलं अर्थकारण समजतं. ट्रकवाल्यांचे हप्ते समजतात. पण ते ढेकूळ चुरणारा हात मी पाहिलेला आहे, आणि माझं मत त्या हाताच्या बाजूने आहे.

भाषेच्या वादाचंही सांगायला हवं, कारण मी मराठीत लिहिणारा माणूस आहे. 1985 ते 87 या वर्षांत राजभाषा कोकणी की मराठी यावरून गोवा पेटला. आमच्या पेडण्यात मराठीवाद्यांचा जोर, आणि ख्रिस्तांवांकडे संशयाने बघायचं वारं. मी मराठीच्या बाजूने होतो, आजही माझी भाषा मराठी आहे. माय रोमी लिपीतली कोकणी वाचायची. 'वावराड्यांचो इश्ट' हे 1933 पासून चाललेलं साप्ताहिक शेजारच्या वाड्यावरून फिरत तिच्याकडे यायचं, आणि ती दिव्याखाली अक्षरावर बोट ठेवून ते वाचायची. त्या दिवसांत मी तिच्या घरी गेलो नाही असा एकही आठवडा नव्हता. एकदा लेंतीत मी पणजीच्या ग्रंथालयातून फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आणलं. 1616 साली रायतूरला छापलेला हा ग्रंथ मराठीत आहे हे तिला माहीत नव्हतं. येशूच्या वेदनांचा भाग मी ओवीच्या चालीत वाचत गेलो. तिला शब्द निम्मे कळत होते, कथा सगळी पाठ होती. तिचे डोळे भरून आले. माझी आई शेजारी बसून ऐकत होती, आणि तिला ज्ञानेश्वरीची चाल ओळखू येत होती. दोघींनी मला थांबू दिलं नाही. मराठीचं मोठेपण मी खूप व्यासपीठांवरून ऐकलं आहे. मला ते पटलं त्या रात्री, त्या सोप्यावर.

मुलं एकेक करून गेली. दोघं लंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर. एक मुंबईत. धाकटी मुलगी बारदेसमध्ये दिली. नवरा कधीच गेला होता. मुलं म्हणाली चल, माय म्हणाली बी कोण राखणार. कोरगुटाचं बी ती दरवर्षी नवं करायची. कणसं निवडून, वेगळी झोडपून, वाळवून, गवताच्या मुडीत घट्ट बांधून. सगळ्यांनी सुधारित बियाणं घेतलं, खाजनातली निम्मी शेतं पडीक गेली, तेव्हाही. ज्याला लागेल त्याला ती द्यायची, एका अटीवर: घेतलंस तेवढंच परत कर, वाढवून नको. 

ती गेली ती पावसाळ्यात, थोड्या दिवसांच्या तापाने, आपल्याच खाटेवर. मुलगी पोचली होती. लंडनचे दोघं विमानात होते. तेर्स म्हणायला शेजारची ख्रिस्तांव घरं आली, आणि आमची आई, नव्वदीला टेकलेली, भिंतीला धरून त्यांच्यात जाऊन बसली. कोकणी नमान मारी तिला ऐकून ऐकून पाठ होती, लावणीत इतकी वर्षं कानावर पडलेली. तिने ती सगळ्यांबरोबर म्हटली. सिमितेरीत माती टाकायला हिंदू माणसं किती होती ते मी मोजलं नाही, पण पाद्रीने मला थांबवून विचारलं की ही सगळी कोण. मी सांगितलं, खाजनातली.

आता मी निवृत्त होऊन गावात आहे. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, 2022 च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं, आणि पेडण्यातल्या जमिनीचा भाव कोणाच्या स्वप्नात नव्हता तिथे गेला. मायच्या शेताला गिऱ्हाईकं येतात. मुलांना विकायचं नाही, आणि विकायचं म्हटलं तरी विकता येणार नाही, कारण शेत अजून त्यांच्या नावावर झालेलं नाही. तिच्या घोवाचं नाव कुळाच्या रकान्यात आहे, पण खरेदीचा दाखला निघालेला नाही. भाटकाराची तिसरी पिढी आता म्हणते की नवरा बोटीवर होता, मुंबईला होता, शेत त्याने कसलंच नाही. मायचं नाव तर त्या शेताच्या कुठल्याच कागदावर नाही. जिने नांगर धरला, जिच्या नांगरावर आमचं शेत टिकलं, तिने शेत कसलं याची लेखी नोंद कचेरीत एकच आहे, ती म्हणजे आमच्या प्रकरणातली तिची स्वतःची साक्ष: नांगर म्हजो, बैल म्हजे.

त्या साक्षीची सहीशिक्क्याची नक्कल मी काढून आणली आहे. तिच्या मुलीने मला साक्षीदार म्हणून घातलं आहे. आईनेही आपलं नाव द्यायला लावलं आहे. वकील म्हणतो इतक्या म्हाताऱ्या बाईला कचेरीचे जिने चढवू नका, आई म्हणते मला खुर्चीत बसवून न्या. सगळं सांगायचं आहे, असं ती म्हणते. पुढची तारीख चवथीनंतरची मिळाली आहे. तोवर मायच्या शेतात मी कोरगुट पेरलं आहे, तिच्याच मुडीतलं, आणि बांधाचं काम अजून बरंच बाकी आहे.